बाळंतविडा घरीच केला, त्याची गोष्ट

पहिले बाळंतपण माहेरी आणि चाळीस दिवस झाले की बाळाबरोबर पाळणा, गादी, कपडे, खेळणी असा सगळा बाळंतविडा सासरी पाठवायचा, ही रीत आपल्यापैकी कितीतरी घरांत आहे. दीनने ती आपल्यावर घातलेली नाही, रिवाजाने घातली आहे. तरी तिच्यापायी आईबापांची झोप उडते, हे आम्ही यंदा आमच्याच घरात पाहिले.

धाकटीला सातवा महिना लागला तेव्हा आम्ही बाजारात गेलो. कठड्याची खाट, गादी, मच्छरदाणी आणि कपड्यांचा सेट धरून आकडा 18,000 रुपयांच्या वर गेला. घरी आल्यावर अब्बा काहीच बोलले नाहीत. दोन दिवसांनी कळले की अम्मीच्या बांगड्या गहाण ठेवायची चौकशी ते करून आले होते. गहाण म्हणजे व्याज आले. व्याजाच्या पैशाने आणलेल्या खाटेत बाळाला निजवायचे का, असे अम्मीने विचारले आणि आम्हा सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

त्याच आठवड्यात माळ्यावरचा दादांचा सागवानी पलंग खाली काढला. पाय किडले होते, पण बाजूच्या फळ्या आणि दांडे शाबूत होते. गल्लीतल्या सुताराने दीड दिवसात खाट उभी केली. घासकाम अब्बांनी स्वतः केले. त्या पलंगावर जुना ऑइलपेंट असता तर आम्ही ते लाकूड घेतलेच नसते. जुन्या रंगात शिसे असू शकते आणि घासताना त्याची धूळ घरभर होते. आपल्या देशात घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा 2017 मध्ये लागू झाली, त्यामुळे त्याआधीच्या रंगावर भरवसा नको. आम्ही नुसते कच्चे जवसाचे तेल चोळले. ते वाळायला फार दिवस लागतात, म्हणून हे काम बाळ यायच्या महिनाभर आधीच उरकावे. आणि एक गोष्ट विसरू नका: तेलाचे फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेटू शकते. पाण्यात बुडवून टाका किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

मापांच्या बाबतीत मात्र काटकसर नाही. कठड्याच्या दोन पट्ट्यांमध्ये 6 सेंटिमीटरपेक्षा जास्त जागा नको, नाहीतर बाळाचे अंग त्यातून सरकते आणि डोके अडकते. तळफळीपासून कठडा किमान 26 इंच उंच हवा. एक बाजू खाली सरकणारी करू का, असे सुताराने विचारले. आम्ही नको म्हटले. अशा खाटांत बाळे अडकून दगावली, म्हणून अमेरिकेत 2011 पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आहे. चारही बाजू पक्क्या ठेवल्या आणि खिळ्यांऐवजी स्क्रू वापरले.

गादी पिंजाऱ्याकडून करून घेतली. पिंजारी बिरादरीचा हा पिढीजात धंदा, पण आता पिंजण खांद्यावर घेऊन दारावर येणारा माणूस क्वचितच दिसतो. आमचे चाचा दुकानात यंत्रावर पिंजतात. त्यांना सांगितले, मऊ नको, घट्ट भरा आणि टाके जवळजवळ घाला. त्यांना नवल वाटले. पण मऊ गादीत बाळाचे तोंड रुतते आणि श्वास कोंडतो. गादी खाटेत अशी बसली पाहिजे की कडेला दोन बोटांहून जास्त फट राहू नये. मध्ये खड्डा पडला तर पुन्हा पिंजून घ्यायची.

खरा वाद झाला तो उशीवरून. डोके गोल व्हावे म्हणून नानीने मोहरीची उशी हाताने शिवून आणली होती, कडेला निळी झालर लावून. डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितले: पहिले वर्षभर बाळाला पाठीवरच निजवायचे, उशी नाही, सैल पांघरूण नाही, खाटेत खेळणे नाही. नानीला वाईट वाटले. आम्ही पाच भावंडे मोहरीच्या उशीवरच वाढलो, असे तिने दोनदा ऐकवले. तिच्याशी हुज्जत कोण घालणार! शेवटी आपाने तिलाच दवाखान्यात नेले आणि बाईंनी तिला समोर बसवून समजावले. ती उशी आता नानीच्याच दुखऱ्या गुडघ्याखाली असते.

साडीच्या झोळीचेही तेच. झोळी आम्ही बांधली, पण बाळ जागे असताना आणि कोणीतरी शेजारी बसलेले असतानाच. झोळीत मान वाकते, हनुवटी छातीला टेकते. रात्रभर त्यात निजवायचे नाही.

गोधडी मात्र मनासारखी केली. अम्मीच्या तीन सुती साड्या, दादीचा मलमलचा दुपट्टा आणि मध्ये जुनी चादर. कर्नाटकातल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात, ती कडेपासून सुरू करून आत आत येते आणि मध्यावर संपते. कोपऱ्यांवर त्या कापडाची घडी घालून फुले लावतात. आम्ही तशीच शिवली. धावदोरा सरळ आला नाही, पण गोधडी बसली छान. ती जमिनीवर अंथरायला, तेल लावताना, उन्हात घेऊन बसताना. पांघरायला नाही.

लंगोट तीस केले, 24 इंचांचे चौकोन, जुन्या मलमलचे. नवजात बाळाला दिवसाला दहा-बारा सहज लागतात आणि पावसाळ्यात ते वाळत नाहीत. पैगंबर (स.) घरी आपले कपडे स्वतः शिवत, जोडे सांधत, असे हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे, ते ऐकवत भाईजानने अर्ध्या लंगोटांच्या कडा मशीनवर मारल्या, वाकड्या का होईना. मांडीखाली घ्यायला रबरी तुकडे कापले आणि धाकटीचा नमाजचा जोड खुंटीवर वेगळा ठेवला. हे आधीच केलेले बरे, नाहीतर दर वक्ताला कपडे बदलता बदलता नवी आई रडकुंडीला येते.

सुताराची मजुरी, गादी, तेल, स्क्रू, दोरा धरून सगळा खर्च 3,600 रुपये झाला. मुलगी झाली. सातव्या दिवशी अकीका केला, एक बकरा, आणि केसांच्या वजनाइतकी चांदी सदका दिली. बांगड्या अम्मीच्या हातातच होत्या.

विहीणबाई काय म्हणतील याची धास्ती शेवटपर्यंत होती. चाळिसाव्याला त्या आल्या. खाटेच्या कठड्यावरून हात फिरवला, गादी दाबून पाहिली आणि एवढी कडक का, असे विचारले. आम्ही काही सांगायच्या आतच नानीने गुडघ्याखालची उशी बाजूला सारली आणि त्यांना शेजारी बसवून सगळे समजावून सांगितले, अगदी डॉक्टरीणबाईंच्या थाटात.