उंबरखिंडीत खानाच्या बाजूने

दिवाळीच्या आधी चार दिवस पार्ले पूर्वेच्या कुठल्याही गल्लीतून चक्कर मारा. एखाद्या जुन्या इमारतीच्या आवारात मुले विटा, माती आणि गोणपाट घेऊन किल्ला रचताना अजून दिसतात. गडावर महाराज बसलेले असतात, बुरुजावर तोफा असतात, पायऱ्यांवर मावळे असतात. अळीव पेरून हिरवळ केलेली असते. पायथ्याशी गवळण असते आणि कधी कधी एक वाघही असतो. नसतो तो फक्त शत्रू! तोफा रोखलेल्या, पण समोर कोणीच नाही. मीही लहानपणी असे किल्ले केले, आणि ही उणीव मला कधी जाणवली नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही चोवीस जणांनी एक ऐतिहासिक लढाई मैदानी खेळ म्हणून खेळायचे ठरवले, तेव्हा पहिल्याच बैठकीत ती जाणवली.

मूळ कल्पना परदेशी. एअरसॉफ्ट नावाचा एक खेळ १९७० नंतरच्या दशकात जपानात सुरू झाला आणि पुढे जगभर पसरला. खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बंदुकीतून सहा मिलिमीटरची प्लास्टिकची गोळी सुटते. डोळ्यांना जाड चष्मा लावल्याशिवाय मैदानात पाऊल टाकता येत नाही. ज्याला गोळी लागली त्याने स्वतःच हात वर करून 'लागली' म्हणायचे आणि बाहेर जायचे, हा त्यातला मुख्य नियम. सगळा खेळ या प्रामाणिकपणावर उभा आहे. आपल्या आप्पारप्पीत चेंडू पाठीत बसला की आवाजच होतो, लपवणार काय? इथे लपवता येते, म्हणून लपवायचे नाही. काही हौशी मंडळी या खेळाला इतिहासाची जोड देतात. दुसऱ्या महायुद्धातली एखादी चकमक घेतात, त्या काळचे कपडे घालतात, आणि निकाल मात्र मोकळा ठेवतात. इंग्लंडात १९६८ पासून 'सील्ड नॉट' ही संस्था तिथल्या यादवी युद्धातल्या लढाया पुन्हा उभ्या करते. पण तिथे कोण जिंकणार हे आधीच ठरलेले असते, म्हणून त्याला प्रयोग म्हणावे, खेळ नव्हे.

आम्ही बंदुका घेतल्या नाहीत. एक तर त्या परवडण्यासारख्या नव्हत्या. दुसरे म्हणजे खऱ्यासारखी बंदूक घेऊन लोकलने जायचे आणि स्टेशनवर हवालदाराला इतिहास समजावून सांगायचा, हे कोणालाच नको होते. शिवाय १६६१ ची लढाई प्लास्टिकच्या बंदुकांनी खेळण्यात अर्थ काय? जुन्या मोज्यांत चिंध्या कोंबून आम्ही दोनशे चेंडू शिवले आणि त्यांना गेरू लावला. अंगावर लाल डाग पडला की तो गडी बाद.

लढाई उंबरखिंडीची निवडली. शाहिस्तेखान मे १६६० मध्ये पुण्यात येऊन बसला होता. त्याने कारतलबखानाला कोकणात उतरण्यासाठी पाठवले. खान बोरघाट सोडून लोणावळ्याजवळच्या कुरवंडे घाटाने उतरला आणि अंबा नदीच्या खोऱ्यातल्या अरुंद, झाडीने भरलेल्या वाटेत शिरला. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी त्याला तिथे गाठले. वर दोन्ही बाजूंना मावळे, खाली सामानाने लादलेली फौज, पाणी नाही, मागे फिरायला जागा नाही. या सैन्यात माहूरची रायबागन ही बाई सरदार होती. शरण जा, असे खानाला तिनेच सांगितले. खानाने वकील पाठवला आणि जवळचे सारे टाकून जाण्याच्या अटीवर त्याला अभय मिळाले. परमानंदाच्या संस्कृत 'शिवभारता'त हे सारे तपशिलाने आले आहे. आमच्यापैकी पाच जण खोपोली-पाली रस्त्याने चावणी गावाला जाऊन जागा पाहून आले. नदीच्या पात्रातल्या खडकावर स्मारक आहे आणि दर वर्षी २ फेब्रुवारीला तिथे लोक जमतात. खेळ तिथे खेळायचा नाही, हे तिथे उभे राहिल्यावर कोणी न सांगताच ठरले.

पहिली चाचणी पार्ल्यातच, एका मैदानात चुन्याच्या रेघा मारून झाली. ती चार मिनिटांत संपली. झाले असे की, खानाची माणसे खिंडीच्या तोंडाशी आली आणि आत शिरेचनात! शिरतील कशी? चौथीपासून सगळ्यांना ठाऊक आहे की वर मावळे बसले आहेत. मग मावळेच कंटाळून खाली उतरले आणि नुसती चेंडूफेक झाली. आम्ही पोशाख, पागोटी, भगवा, नगारा या सगळ्याचा विचार केला होता. खानाला काय माहीत नव्हते, याचा विचार कोणी केला नव्हता.

माझ्या मते ऐतिहासिक खेळ आखण्याची खरी मेख इथे आहे. इतिहास आपल्याला शेवटापासून माहीत असतो. ज्यांच्यावर तो प्रसंग गुदरला त्यांना तो सुरुवातीपासून, एकेक पाऊल टाकत कळला. म्हणून नियम असे हवेत की जे त्यांना दिसले नाही ते आपल्यालाही दिसू नये. दुसऱ्या आराखड्यात आम्ही वाट एक न ठेवता तीन ठेवल्या. कोणत्या वाटेने उतरायचे हे खानाने निघताना ठरवायचे. शिवाजी महाराजांच्या बाजूला माणसे आठच, पण त्यांतले दोन हेर. हेरांनी वाट ओळखून निरोप पोचवला आणि बाकीचे वेळेत तिथे पोचले, तरच छापा. छापा त्यांना आयता मिळायचा नाही, कमवावा लागायचा. खानाकडे माणसे सोळा, पण दर दोघांत मिळून वाळूचे एक पोते. खरी फौजही छावणीचे सामान घेऊनच चालली होती.

तहानेचा प्रश्न अवघड होता. माणसांना उन्हात खरोखर तहानलेले ठेवणे हा मूर्खपणा झाला असता. म्हणून पिण्याचे पाणी सगळ्यांना हवे तेवढे, पण खानाच्या प्रत्येक माणसाजवळ पाण्याच्या सहा चिठ्ठ्या. दर दहा मिनिटांनी एक चिठ्ठी पंचाला द्यायची. त्या संपल्या की पळायचे नाही, नुसते चालायचे. शेवटचा नियम इतिहासाच्या आमच्या बाईंनी सुचवला. खानाला केव्हाही वकील पाठवता येईल, आणि जितक्या लवकर पाठवील तितकी त्याची माणसे वाचलेली धरली जातील. या एका नियमाने रायबागनच्या भूमिकेला वजन आले. तोवर ती नुसती फेटा बांधून मिरवायची जागा होती.

आता बाजू वाटण्याविषयी. हे लिहावे की नाही, असा विचार मी बरेच दिवस करत होतो. खानाकडे जायला कोणी तयार नव्हते. तेव्हा एकजण सहज, हसत, आमच्यातल्या एका मुसलमान मित्राला म्हणाला, "अरे, मग तू हो ना खान!" तोही हसला. आम्ही सगळेच हसलो, मीही. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीला तो आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. आप्पारप्पी खेळायला तो माझ्याबरोबर पाचवीपासून आहे.

मी ग्रंथालयात जाऊन 'शिवभारता'चे मराठी भाषांतर काढून बसलो. घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच, त्यामुळे शाळेच्या पुस्तकाबाहेरचा इतिहास वाचण्याची ही पहिलीच खेप. खानाबरोबर खिंडीत उतरलेल्यांच्या नावांत जाधव होते, चव्हाण होते, कोकाटे होते, गाढे होते. रायबागन तर देशमुखांच्या घरातली. आणि त्याच्या आदल्याच वर्षी पन्हाळ्याचा वेढा फोडण्यासाठी नेताजी पालकरांबरोबर सिद्दी हिलाल महाराजांच्या बाजूने लढला होता. त्या लढाईत त्याचा मुलगा जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. ही नावे मी एका कागदावर उतरून मित्राच्या घरी नेली. त्याने कागद वाचला आणि म्हणाला, "हे मला माहीत होतं. तुला नव्हतं." यावर मला काही उत्तर सुचले नाही.

पुढच्या बैठकीत बाजू चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात असे मी सुचवले आणि थोड्या कुरबुरीनंतर ते मान्य झाले. बाईंनी डब्यातून चिठ्ठ्या काढल्या. माझी खानाची निघाली. मित्राचीही खानाचीच निघाली. खोली क्षणभर गप्प झाली. तोच म्हणाला, "आता ठीक आहे. आता चिठ्ठीनं आलोय." कोणी असा खेळ आखणार असेल तर माझे सांगणे एवढेच, की इतर सगळे पुढे ढकला, पण बाजू पहिल्या दिवशी आणि चिठ्ठीनेच ठरवा.

बाकीची तयारी सांगण्यासारखी फारशी नाही, पण टाळण्यासारखीही नाही. जागा कर्जतच्या बाजूला एका वर्गमित्राच्या मामांची, आंब्याची बाग आणि तिच्यामागचा कोरडा ओहोळ. मामांची परवानगी लेखी घेतली, गावात आधी जाऊन सांगितले आणि चौकीतही कळवले. चष्मे सक्तीचे. पंच चार, प्रत्येकाजवळ शिट्टी. तीन वेळा शिट्टी झाली की सगळे जागच्या जागी थांबणार. खडकावरून कोणी कोणाला ढकलायचे नाही आणि दगड हातात घेतला तर सबंध बाजू हरली. माझ्या घरी "कॉलेजात लढाया खेळायला घातलंय का?" असा प्रश्न आला. त्याचे उत्तर बाईंच्या चिठ्ठीने दिले.

जानेवारीतल्या एका रविवारी खेळ झाला. आमच्या खानाने मधली वाट धरली. मी आणि मित्र एकाच पोत्याची दोन टोके धरून चाललो होतो. वर पाहावे तर नुसती झाडे. सगळे माहीत असूनही भीती वाटत होती, कारण ते या वाटेवर आहेत की दुसऱ्या, हे खरोखरच माहीत नव्हते. तिसरी चिठ्ठी दिली तेव्हा रायबागन झालेली आमची वर्गभगिनी म्हणाली, "वकील पाठवा." खानाने ऐकले नाही. तो वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, त्याला सामान सोडवेना. पाचवी चिठ्ठी देताना ती पुन्हा म्हणाली आणि तो पुन्हा नाही म्हणाला. मग वरून पहिला चेंडू आला तो नेमका त्याच्याच पागोट्यावर.

वकील गेला तेव्हा आम्ही सोळातले सातच उरलो होतो. अट आली, पोती इथेच टाका आणि हात मोकळे ठेवून चालते व्हा. मित्राने आपले टोक आधी सोडले. मी उगीचच आणखी क्षणभर माझे धरून राहिलो. ओहोळाच्या तोंडाशी मावळे दोन्ही बाजूंना उभे होते आणि आम्ही सात जण मधून बाहेर पडलो. कोणी ओरडले नाही की चिडवले नाही. बाहेर मामांनी लिंबाचे सरबत ठेवले होते. ते पिऊन झाल्यावर आम्ही सगळेच परत आत गेलो, कारण वाळू मामांची होती आणि आठही पोती संध्याकाळच्या लोकलच्या आधी जागेवर पोचवायची होती.