चहा जाळणाऱ्या गावातली बाग

अमेरिकेत जुन्या ऐतिहासिक घरांची संग्रहालयं चालवणाऱ्या संस्था उन्हाळ्याच्या तोंडावर बागेत चहा ठेवतात. तिकीट काढून लोक येतात, बायका फुलांच्या टोप्या घालतात, काकडीची सँडविच आणि स्कोन मांडलेले असतात, एखाद्या टेबलावर लिलावासाठी देणगीतून आलेल्या वस्तू असतात. जमलेले पैसे छपराला, खिडक्यांना आणि बागेला जातात. ही रीत जुनी आहे. 1876 मध्ये स्वातंत्र्याची शताब्दी आली, तेव्हा गावोगावच्या बायकांनी ‘मार्था वॉशिंग्टन टी पार्टी’ भरवून निधी गोळा केला होता. त्याच्याही आधी, 1853 मध्ये, जॉर्ज वॉशिंग्टन यांचं माउंट व्हर्नन वाचवायला बायकांचीच संघटना उभी राहिली आणि देशभरातून वर्गणी जमवून तिने दोन लाख डॉलरला ते घर विकत घ्यायचा करार केला.

बागेतला असा चहा कुठे सर्वांत जास्त अर्थ घेऊन येईल, असं मला कुणी विचारलं तर मी मेरीलँड राज्याची राजधानी असलेल्या अ‍ॅनापोलिसचं नाव घेईन. वॉशिंग्टनपासून पन्नासेक किलोमीटरवर, सेव्हर्न नदी चेसापीकच्या उपसागराला मिळते तिथलं हे बंदर. तिथल्या प्रिन्स जॉर्ज स्ट्रीटवर विल्यम पेका यांचं विटांचं घर आहे. मधे मुख्य वास्तू, दोन्ही अंगांना दोन छोट्या इमारती आणि त्यांना जोडणारे दोन बुटके भाग, अशी त्याची पाच भागांची रचना. तरुण वकील असलेल्या पेका यांनी 1763 मध्ये श्रीमंत घराण्यातल्या मेरी च्यू यांच्याशी लग्न केलं आणि लगेच जागा घेऊन बांधकाम काढलं. 1765 पर्यंत घर उभं राहिलं. पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर मेरीलँडतर्फे ज्या चौघांनी सह्या केल्या, त्यांतले एक पेका. नंतर ते राज्याचे गव्हर्नरही झाले.

घर देखणं आहेच. पण मन रमतं ते मागच्या दोन एकरांच्या बागेत. घराकडून उतरत जाणारे टप्पे, कातरलेल्या झुडपांच्या कुंपणातले फुलांचे चौकोन, त्याखाली मोकळी वाढू दिलेली झाडी, माशाच्या आकाराचं तळं, त्यावर चिनी धाटणीचा जाळीदार पूल आणि पलीकडे पांढरं, दुमजली उद्यानगृह. अडीचशे वर्षं हे सगळं असंच जपलं गेलं असेल, असं बघणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात विसाव्या शतकाचा बराच काळ ही बाग अस्तित्वातच नव्हती. शतकाच्या सुरुवातीला पेकांच्या घराचं ‘कार्व्हेल हॉल’ नावाचं हॉटेल झालं. मागे सुमारे दोनशे खोल्यांची वाढीव इमारत चढली आणि बाग भरावाखाली गाडली गेली. 1965 मध्ये सगळंच पाडून नवं बांधायचं घाटत होतं. तेव्हा 1952 पासून गावातल्या जुन्या वास्तूंसाठी झगडणारी ‘हिस्टॉरिक अ‍ॅनापोलिस’ ही संस्था पुढे आली. तिने घर घेतलं, मागची जमीन राज्य सरकारने घेतली, आणि हॉटेलची इमारत उतरवून उत्खनन सुरू झालं.

मातीत टप्प्यांच्या खुणा, भिंतींचे पाये, पुलाचा आधार आणि पाण्याचा मार्ग सापडला. पण जमिनीखालचा पाया वरचा पूल कसा दिसत होता ते कसं सांगणार? ते सांगितलं एका चित्राने. चार्ल्स विल्सन पील यांनी 1772 मध्ये पेका यांचं व्यक्तिचित्र रंगवलं होतं आणि त्यांच्यामागे ती बाग काढली होती. तोच जाळीदार पूल आणि तेच उद्यानगृह तिथे आहे. कुदळ आणि कुंचला यांची साक्ष जुळली, आणि 1973 मध्ये बाग लोकांना खुली झाली. वास्तुजतनाच्या कामातली इतकी सुंदर गोष्ट मला दुसरी माहीत नाही.

आता चहाकडे. 1774 च्या ऑक्टोबरमध्ये ‘पेगी स्टुअर्ट’ हे जहाज लंडनहून अ‍ॅनापोलिसला लागलं. त्यावर करारबद्ध मजूर होते आणि दोन हजार पौंडांहून अधिक चहा. ब्रिटिश संसदेने लादलेला चहावरचा कर भरायचा नाही, असा वसाहतींचा निर्धार होता. जहाजाचे मालक अँथनी स्टुअर्ट यांनी तो भरला. गाव खवळलं. शेवटी 19 ऑक्टोबरला, जमावाच्या धाकापोटी, स्टुअर्ट यांना स्वतःच्या हाताने चहासकट जहाज पेटवावं लागलं. बॉस्टनची गोष्ट जगभर गेली. तिथे कराच्या निषेधात चहा पाण्यात फेकला गेला, इथे तर जहाजच जळलं. पेका त्या दिवसांत फिलाडेल्फियात पहिल्या काँटिनेंटल काँग्रेसमध्ये होते. दुसऱ्याच दिवशी, 20 ऑक्टोबरला, त्या सभेने ब्रिटिश मालावर आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या चहावर बहिष्काराचा ठराव स्वीकारला. त्यावर पेका यांचीही सही आहे.

ही तीच कंपनी, जिच्या फौजांनी त्याच 1774 च्या अखेरीस मराठ्यांकडून ठाण्याचा किल्ला आणि साष्टी घेतली. चहा तेव्हा चीनमधून यायचा, आसामचे मळे अजून व्हायचे होते. पण कँटनचा चहा आणि ठाण्याचा किल्ला हे दोन्ही लंडनच्या एकाच पेढीच्या हिशेबात होते, हे मराठी माणसाला त्या बागेत आठवल्यावाचून राहू नये.

आणखीही एक गोष्ट तिथे बोलली जायला हवी. पेका यांच्या घरातला चहा कुणी उकळला, कपबश्या कुणी विसळल्या? या घरात गुलाम माणसं राबत होती. अ‍ॅनापोलिस हे गुलामांच्या जहाजांचंही बंदर होतं. ‘रूट्स’ या पुस्तकाचे लेखक अ‍ॅलेक्स हेली यांच्या कथनानुसार त्यांचा पूर्वज कुंता किंते 1767 मध्ये इथेच उतरवला गेला, आणि धक्क्यावर आज त्याचं स्मारक आहे. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्याच्या अंगणात चहा पिताना हा विषय टाळला, तर तो चहा केवळ टोप्यांचा सोहळा होईल. नुसतं छप्पर दुरुस्त करायला पैसे मागू नयेत. त्या छपराखालच्या सगळ्यांची ओळख शोधायलाही मागावेत. आलेले लोक ते आनंदाने देतील, असा माझा विश्वास आहे.

पैसा तर सतत लागतो. घराची एकदा डागडुजी केली की ते काही वर्षं टिकतं, बागेला मात्र दर आठवड्याला हात लागतात: छाटणी, खुरपणी, कलमं, तळ्याची सफाई. पेका यांची बाग लग्नसमारंभांना भाड्याने मिळते. मे महिन्यात, मदर्स डेच्या सुमारास, स्वयंसेवकांच्या मदतीने रोपांची विक्री होते. वॉशिंग्टन आणि बाल्टिमोरच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ही सहल एका सकाळीत जमण्यासारखी आहे. आधी धक्क्यावर कुंता किंतेचं स्मारक पाहावं, तिथून चालत प्रिन्स जॉर्ज स्ट्रीटला यावं, घराचं तिकीट काढावं आणि मागच्या दाराने बागेत उतरावं.