जठराचे दार उघडे राहते तेव्हा

मामांच्या शस्त्रक्रियेला तीन आठवडे झाले होते. कर्करोगामुळे जठराचा खालचा मोठा भाग काढून टाकावा लागला होता. घरी आल्यावर मामींनी त्यांच्या आवडीचा शिरा केला. साजूक तूप, बेदाणे आणि अंगात ताकद यावी म्हणून साखर जरा सढळ हाताने. सोबत पेलाभर गोड दूध. मामांनी वाटीभर शिरा चवीने संपवला. पंधरा-वीस मिनिटे गेली असतील, तोच ते म्हणाले, "अगं, मला आधी आडवं होऊ दे." कपाळावर घाम, चेहरा लालबुंद, छातीत धडधड, पोटात गुरगुर आणि मुरडा. हार्ट अटॅकच असणार, असे समजून आम्ही त्यांना तसेच दवाखान्यात नेले. ईसीजी व्यवस्थित निघाला. मग डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "खाल्लं काय होतं?"

त्या प्रश्नातच निदान होते. या त्रासाला 'डम्पिंग सिंड्रोम' म्हणतात. जठरात थांबायला हवे ते अन्न लहान आतड्यात एकदम ओतले जाते, ट्रकमधून वाळू ओतावी तसे.

जठराला आपण नुसती पिशवी समजतो. खरे तर ते एकाच वेळी कोठार, गिरणी आणि जकातनाका असते. जेवल्यावर ते सैलावते आणि लिटरभर ऐवज सहज सामावून घेते. मग आकुंचन पावत अन्न घुसळते. त्याच्या खालच्या तोंडाशी आवळणाऱ्या स्नायूचे एक दार असते, त्याला जठरनिर्गम द्वार म्हणतात. साधारण एक-दोन मिलिमीटरइतके बारीक झालेले कणच हे दार पुढे सोडते, तेही थोडेथोडे. म्हणून साध्या जेवणाला जठरातून पुढे सरकायला दोन ते चार तास लागतात. कर्करोगासाठी जठराचा भाग काढला, किंवा वजन घटवण्यासाठी बायपास केला, की हे दार तरी जाते किंवा अन्नाची वाट त्याला वळसा घालून जाते. कोठार लहान होते, ते वेगळेच.

पुढे काय होते, हे समजायला स्वयंपाकघरात डोकवावे. साखरांब्यासाठी कैरीचा कीस साखरेत कालवून ठेवला, की तासाभरात पातेल्यात पाणी सुटलेले दिसते. साखर किसातले पाणी बाहेर ओढते. अर्धवट पचलेला गोड, दाट घास आतड्यात अचानक उतरला की तिथेही तेच घडते. आतड्याभोवतीच्या रक्तवाहिन्यांतले पाणी आतड्यात ओढले जाते. आतडे फुगते, कळ येते, जुलाब होतात. इकडे रक्तातले पाणी घटल्याने रक्तदाब उतरतो आणि हृदय जोराने धावू लागते. आतड्यातून बाहेर पडणारी संप्रेरके त्यात भर घालतात. हे झाले 'लवकरचे डम्पिंग'. जेवणानंतर साधारण तासाभराच्या आत ते होते, आणि माणसाला आडवे व्हावेसे वाटणे ही त्याची ओळखीची खूण.

दुसरा प्रकार उशिराचा, जेवणानंतर एक ते तीन तासांनी येणारा. भरकन शोषली गेलेली साखर रक्तात एकदम चढते. आतड्यातल्या जीएलपी-१ या संप्रेरकाच्या इशाऱ्याने स्वादुपिंड भरमसाट इन्सुलिन सोडते. साखर संपते, इन्सुलिन मात्र उरते. मग रक्तशर्करा झरझर खाली येते. हातपाय थरथरतात, भुकेने कासावीस व्हायला होते, बोलताना गोंधळ उडतो, क्वचित शुद्धही हरपते. अशा माणसाने जेवून लगेच लांबचा प्रवास करायला गाडी हाती घेऊ नये.

हा त्रास शस्त्रक्रियेइतकाच जुना आहे. २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी कर्करोगग्रस्त जठराचा भाग काढून टाकण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. पुढे अशा शस्त्रक्रिया वाढल्या, तशा जेवणानंतरच्या या तक्रारीही वाढल्या. १९१३ मध्ये लंडनच्या आर्थर हर्ट्झ यांनी त्यांचा संबंध जठर लवकर रिकामे होण्याशी जोडला. १९२२ मध्ये चार्ल्स मिक्स यांनी क्ष-किरणांत हा प्रकार पाहून त्याला 'डम्पिंग' हे नाव दिले. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या आयोवात एडवर्ड मेसन यांनी वजन घटवण्यासाठी गॅस्ट्रिक बायपास सुरू केला आणि या रुग्णांत नवी भर पडली. आज शस्त्रक्रियेच्या प्रकारानुसार पाचातल्या एकापासून ते निम्म्या रुग्णांपर्यंत हा त्रास कमी-अधिक जाणवतो. तो तीव्र मात्र थोड्यांनाच होतो.

निदान बहुधा रुग्णाच्या बोलण्यातूनच होते. शंका असेल तर ग्लुकोजचे पाणी पाजून ठरावीक वेळाने नाडी आणि रक्तशर्करा तपासतात. अर्ध्या तासात नाडीचे ठोके मिनिटाला १० पेक्षा जास्त वाढले, तर लवकरच्या डम्पिंगकडे बोट जाते. ही चाचणी घरी करून पाहू नये.

उपचाराचे सूत्र एका वाक्यात सांगता येते: दाराचे काम आता ताटाने करायचे. दोन वेळच्या भरपेट जेवणाऐवजी दिवसातून सहा वेळा थोडेथोडे खावे. घास बारीक चावावा, जेवण सावकाश करावे. ताटाशेजारचा पाण्याचा तांब्या उचलून ठेवावा, कारण पाणी अन्नाला आणखी वेगाने पुढे लोटते. जेवणानंतर निदान अर्धा तास थांबून मग घोट घोट पाणी प्यावे, पण दिवसभरातले एकूण पाणी कमी होऊ देऊ नये. साखर, गूळ, मध, उसाचा रस, सरबते, शीतपेये आणि मिठाई टाळावी. प्रत्येक खाण्यात प्रथिने असावीत: अंडे, मासा, पनीर, मऊ शिजवलेली उसळ, घट्ट वरण. पांढऱ्या भातापेक्षा ज्वारी-नाचणीची मऊ भाकरी बरी. दूध काहींना सोसत नाही, ते पारखून घ्यावे. जेवणानंतर अर्धा तास आडवे पडल्यास चक्कर आणि धडधड कमी होते.

आपली गवारसुद्धा इथे कामी येते. गवारीच्या बियांपासून काढलेला ग्वार गम पाण्यात फुगून बुळबुळीत होतो, अन्न दाट करतो आणि साखरेचे शोषण मंदावतो. तो किती घ्यायचा, हे डॉक्टरांनी ठरवावे. आहाराने भागले नाही तर उशिराच्या डम्पिंगवर अकार्बोज हे मधुमेहाचे औषध देतात. ते पिष्टाची साखर होण्याचा वेग कमी करते. तीव्र त्रासात ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शने दोन्ही प्रकारांवर उपयोगी पडतात. पुन्हा शस्त्रक्रिया हा अगदी शेवटचा उपाय.

साखर उतरून थरथर सुटली, तर थोडे ग्लुकोज जरूर द्यावे, पण त्यामागून मूठभर फुटाणे किंवा अंडे खायला द्यावे. नुसत्या साखरेवर थांबल्यास तेच चक्र पुन्हा फिरते. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काहीही घालू नये. त्याला तातडीने दवाखान्यात न्यावे. आणि प्रत्येक तक्रार डम्पिंगच्या खात्यावर टाकू नये. छातीत दुखणे, सततच्या उलट्या, काळी शौच, झपाट्याने घटणारे वजन किंवा उपाशीपोटी साखर उतरणे यांसाठी वेगळी तपासणी लागते. जठर काढलेल्यांना बी-१२ आणि लोह कमी पडते, तेही वेळोवेळी तपासावे.

मामींनी शिरा बंद केला आणि एक वही घातली. किती वाजता, काय, किती खाल्ले आणि पुढे काय झाले, याच्या चार रकान्यांतून दोन आठवड्यांत मामांचे वैरी पदार्थ उघडे पडले. चार महिन्यांनी ते फाटकाबाहेर फिरायला जाऊ लागले. बहुतेक रुग्णांचा त्रास असा काही महिन्यांत ओसरतो.

अडचण एकच, आपली माया. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण फळांचे रस नेतो, ग्लुकोजची पावडर नेतो, 'एवढंसंच जेवलात?' म्हणून आग्रहाने वाढतो. जठराच्या शस्त्रक्रियेतून उठलेल्या माणसाला हा आग्रह सोसत नाही. त्याच्या घरी जाल तेव्हा पेढे नेऊ नका. भाजलेले शेंगदाणे न्या, त्याच्याजवळ बसा आणि त्याला सावकाश जेवू द्या.