‘फोर्ट स्टिकीन’ : कापसाची आग जहाज कशी उडवते

घाटंजीत ज्याने जिनिंगवर काम केले आहे, त्याला रुईच्या आगीची धास्ती समजावून सांगावी लागत नाही. गाठ वरून विझलेली दिसते आणि आत धुमसतच राहते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज अशाच आगीमुळे उडाले.

आधी जहाज समजून घेऊ. महायुद्धात जर्मन पाणबुड्या ब्रिटनची जहाजे भराभर बुडवत होत्या. त्यांची भरपाई करायला कॅनडात एकाच धाटणीची ‘फोर्ट’ जहाजे बांधली गेली. हे जहाज १९४२ साली प्रिन्स रुपर्ट बंदरात तयार झाले. लांबी सुमारे १३४ मीटर. कोळशावर बॉयलर तापे आणि त्यातली वाफ लहान, मध्यम, मोठ्या अशा तीन सिलिंडरांतून ओळीने जाई. प्रत्येक ठिकाणी दाब उतरे आणि दांडा फिरे. वेग ताशी जेमतेम २० किलोमीटर. इंजिन जुन्या पद्धतीचे, पण साध्या कारखान्यांना जमणारे होते. घाईच्या काळात तेच महत्त्वाचे ठरले.

फेब्रुवारी १९४४ मध्ये जहाज इंग्लंडहून निघाले. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, लढाऊ विमाने आणि सोन्याच्या विटा होत्या. कराचीत माल उतरून मोकळ्या झालेल्या जागेत कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी आणि तेलाची पिंपे भरली गेली. घात इथेच झाला. दोन क्रमांकाच्या कोठारात खाली कापूस आणि वरच्या मजल्यावर स्फोटके आली.

जहाज मुंबईत आल्यावर १४ एप्रिलला दुपारी त्याच कोठारातून धूर दिसला. दाबलेल्या गाठीत तंतूंच्या मधे हवा अडकलेली असते, म्हणून ज्योत न दिसताही विस्तव आत सरकत जातो. पाणी मात्र घट्ट गाठीत सहज शिरत नाही. ९०० टनांहून अधिक पाणी ओतूनही विस्तव गाठींच्या आत जिवंत राहिला. जहाजात पाणी उकळू लागले आणि पोलादी पत्रे तापले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, त्यानंतर अर्ध्या तासाने दुसरा. हादऱ्याची नोंद सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. शेकडो माणसे गेली. त्यांत आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात.

जहाजाच्या यंत्रात खोट नव्हती. चूक झाली ती कशाशेजारी काय ठेवले यात. म्हणून रुईजवळ तेल किंवा ज्वालाग्राही माल कधीच ठेवू नये. पेटलेली गाठ ढिगातून ओढून उघड्यावर न्यावी, फोडून भिजवावी आणि विझली असे वाटल्यावरही तिच्यावर पहारा ठेवावा. ही शिस्त जिनिंगच्या आवारातही तितकीच जीव वाचवणारी आहे.