पांडेसऱ्यातील घरे आणि ओलीची बुरशी

पर्युषणाच्या सुमारास घराची झाडलोट निघाली की आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी एकच दृश्य दिसते. कपाट पुढे ओढावे, तो मागील भिंतीवर काळेहिरवे डाग पसरलेले असतात आणि गृहिणी हातातील फडक्यासह थबकते. पुसावे तर दोष, न पुसावे तर सासऱ्यांचा दमा. हा संकोच अनाठायी नाही. कल्पसूत्रात सूक्ष्म जीवांचे जे आठ प्रकार सांगितले आहेत त्यांत पनक, म्हणजेच बुरशी, हा एक असून तिचे काळा, निळा, तांबडा, पिवळा व पांढरा असे पाच वर्णही तेथे दिलेले आहेत. इरियावही म्हणणाऱ्यास ‘पणग’ हा शब्द परका नाही.

पांडेसऱ्याचा मुलूख सखल. समुद्राची दमट हवा, चार महिन्यांचा पाऊस, आणि खाडी भरली म्हणजे वस्तीत शिरणारे पाणी. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरत शहराचा मोठा भाग बुडाला होता, हे वाचकांस सांगावयास नको. पाणी ओसरते, पण विटांत शोषलेली ओल कित्येक महिने जात नाही. त्यात दाटीची बांधणी असली की वारा खेळत नाही.

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. त्यांना रुजण्यास केवळ ओल आणि थोडे खाद्य लागते. धूळ, लाकूड, कागद, कपड्याची खळ यांपैकी काहीही चालते. भिजलेली वस्तू चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत वाळली तर बहुधा बुरशी धरत नाही. मात्र भिंतीवरील प्रत्येक पांढरा थर बुरशी नव्हे. पाण्याचा थेंब टाकताच जो विरघळतो तो लोणा, म्हणजे भिंतीतून वर आलेले क्षार होत.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत ओल व बुरशी असलेल्या घरांत श्वसनाचे विकार आणि दम्याची तीव्रता वाढते, असे नमूद केले आहे. विशेष म्हणजे मेलेली बुरशीही त्रास देते. म्हणूनच औषध फवारून वर रंगाचा हात देणारा कारागीर आपले पैसे घेतो व डाग पुढील श्रावणासाठी राखून ठेवतो!

जाणता व्यावसायिक प्रथम ओलीचा उगम शोधतो. गच्चीची भेग, न्हाणीघराची नळी, की पायातून चढणारे पाणी? भिंतीतील ओल मोजण्याचे यंत्र त्याच्याजवळ असते. नंतर तो खोली प्लास्टिकच्या पडद्यांनी बंद करतो, बीजाणू घरभर उडू नयेत म्हणून सूक्ष्म गाळणीच्या यंत्राने हवा बाहेर ओढतो, पोखरलेला गिलावा व भिजलेले प्लायवूड काढून पिशवीत बांधून नेतो, आणि जागा पूर्ण वाळल्यावाचून नवा गिलावा चढवीत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मते सुमारे तीन फूट लांब-रुंद जागेपर्यंतचे डाग घरच्या माणसाने नाकाला मुखवटा बांधून काढावयास हरकत नाही. मात्र ब्लिचिंगच्या पाण्यात संडास धुण्याचे ॲसिड कदापि मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

आता दोषाचा प्रश्न. प्रस्तुत लेखकाच्या अल्पमतीस असे वाटते की, जो दरवर्षी फवारा मारून डाग पुसतो, तो दरवर्षी नव्याने हिंसा करतो. जो एकदाच गळती बंद करतो, त्याच्या भिंतीवर पनक उपजतच नाही. उत्पत्ती टाळणे हीच खरी जयणा. पूज्य साधुसाध्वींकडून यापेक्षा सूक्ष्म विवेचन मिळेल, ते अवश्य ऐकावे.

पाऊस लागण्यापूर्वी, म्हणजे वैशाखातच, गच्ची व नळ्या तपासून घ्याव्यात. कपाटे भिंतीपासून चार बोटे दूर असावीत. गोदामातील गाठी फळ्यांवर ठेवाव्यात. खळीचा सुती माल तळाला तर मुळीच नको. आणि ओल काढावयास आलेल्या माणसास हिशेब चुकता करण्यापूर्वी एवढेच विचारावे: पाणी कोठून येत होते? त्यास उत्तर देता आले नाही, तर रंगाचा डबा त्यास परत न्यावयास सांगावे.