वारशात आलेली गिनी पारखताना

घरात जिला ‘गिनी’ म्हणतात ती बहुधा ब्रिटिश सॉव्हरिन असते: 22 कॅरेट, वजन 7.98 ग्रॅम, व्यास 22 मिलिमीटरहून किंचित जास्त. आधी सराफाच्या बारीक काट्यावर वजन करा. हारात ओवायला कडी जोडलेली असेल तर वजन जास्त भरते, तेवढ्यावरून तिला खोटी ठरवू नका. लोहचुंबकावरही विसंबू नका. पितळही त्याला चिकटत नाही.

खरी भरवशाची परीक्षा घनतेची. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आणा आणि दोऱ्याला बांधलेली गिनी पाण्यात अधांतरी बुडवा; तळाला टेकू देऊ नका. काटा सुमारे 0.45 ग्रॅम दाखवेल. तेवढ्याच वजनाची पितळी चकती याच्या दुप्पट दाखवते.

मात्र सोने अस्सल म्हणजे नाणे टांकसाळीचे, असे नाही. खऱ्या सोन्याच्या नकली गिन्याही पाडल्या गेल्या आहेत. त्यांची अक्षरे अनेकदा बोथट असतात. मुंबईच्या टांकसाळीने सॉव्हरिन फक्त 1918 साली पाडली. तिच्यावर कोरलेल्या घोड्याच्या पायांखाली, सालाच्या वर, बारीक ‘आय’ अक्षर असते. विसाव्या शतकातल्या दुसऱ्या सालावर ते दिसले तर जाणकाराला दाखवा. आणि कृपा करून चिंचेने घासू नका, संग्राहकाच्या लेखी किंमत तिथेच उतरते.