वनप्रदेशातील बालकांची डिजिटल साक्षरता व सुरक्षितता : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

२०२५ च्या नोव्हेंबर महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी येथील वनविश्रामगृहाची म्हणून एक चित्रफीत समाजमाध्यमांवर सर्वदूर पसरली. विश्रामगृहाबाहेर बसलेल्या माणसावर वाघ झडप घालतो, असे दृश्य तीत होते आणि तिची ठेवण सुरक्षा कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रणासारखी होती. अशी कोणतीही घटना घडलेली नसून ही चित्रफीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तयार केलेली आहे, असा खुलासा वनविभागाला करावा लागला.

अन्य एखाद्या जिल्ह्यात हा प्रकार करमणुकीचा ठरला असता. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या तालुक्यांत मात्र वाघाचा हल्ला ही ऐकीव गोष्ट नाही. उन्हाळ्यात मोहफुले वेचण्यासाठी व तेंदूपाने तोडण्यासाठी येथील कुटुंबे पहाटेच जंगलात जातात आणि अनेकदा मुलेही सोबत असतात. खोट्या चित्रफितीने विनाकारण भय पसरते, ही हानी उघड आहे. दुसरी हानी अधिक गंभीर आहे. दोन-तीनदा फसल्यानंतर वनविभागाची खरी सूचनाही लोक ‘तसलेच काही’ म्हणून दुर्लक्षितात. पाहिलेले चित्र खरे की खोटे हे ठरविता येणे हा म्हणूनच या प्रदेशातील मुलांसाठी जीविताच्या रक्षणाचा भाग आहे.

संकल्पनेचे बदललेले स्वरूप

महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने २००१ मध्ये एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा संगणक साक्षरता म्हणजे यंत्र चालविण्याचे कौशल्य असा अर्थ सर्वमान्य होता. संगणक सुरू करणे, टंकलेखन करणे, ई-मेल पाठविणे हे त्याचे टप्पे होते. आज यंत्र चालविणे ही अडचणच उरलेली नाही. सहा वर्षांचे मूलही स्मार्टफोन सहज हाताळते. यंत्रातून जे येते त्याची पारख करणे, आपल्याकडून काय बाहेर जाते याचे भान ठेवणे आणि संकट आल्यास कोणाकडे जावे हे ठाऊक असणे, असा डिजिटल साक्षरतेचा आजचा अर्थ आहे.

या दोहोंतील अंतर ‘असर २०२४’ या अहवालात स्पष्ट दिसते. देशाच्या ग्रामीण भागातील १४ ते १६ वयोगटातील ८२.२ टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असे सांगितले. त्यांपैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो शैक्षणिक कामासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी आपले खाते खाजगी कसे करावे हे केवळ ५५.२ टक्क्यांना माहीत होते. ही राष्ट्रीय आकडेवारी आहे. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांची संख्या मोठी असलेल्या वनप्रदेशात परिस्थिती याहून बरी असेल असे मानण्यास आधार नाही.

प्रदेशाची वैशिष्ट्ये

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची साक्षरता ७४.३६ टक्के, तर चंद्रपूरची ८०.०१ टक्के होती. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या तालुक्यांत मोबाइलचे जाळे उशिरा व तुटक पोहोचले. नक्षलग्रस्त भागांतील २,३४३ मनोऱ्यांची टू-जी सेवा फोर-जी करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये मान्यता दिली, यावरून काळाचे हे अंतर लक्षात यावे. कोरोना काळात, २०२० मध्ये, शहरी मुले पडद्यावर शिकत असताना नागपूर आकाशवाणीवरील ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम विदर्भातील अनेक खेड्यांसाठी आधार ठरला. ज्या गावी इंटरनेट नव्हते तेथे रेडिओ होता.

या उशिराचा एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. शहरी कुटुंबांनी दूरध्वनी, संगणक, सायबर कॅफे, साधा मोबाइल अशा पायऱ्या चढत पंचवीस वर्षांत इंटरनेटची ओळख करून घेतली. वनप्रदेशातील अनेक घरांत मात्र पहिले यंत्रच स्मार्टफोन होते. धोके ओळखण्याची जी सवय अनुभवाने अंगी बाणते, तिला येथे अवधीच मिळाला नाही.

घरातील कारकून

बालसुरक्षेवरील बहुतेक मार्गदर्शनपर लेखन पालकाला जाणकार व मुलाला अजाण मानून केलेले असते. ‘मुलांच्या वापरावर लक्ष ठेवा’ हा त्यातील ठराविक सल्ला होय. या दोन जिल्ह्यांतील असंख्य घरांत स्थिती नेमकी उलट आहे. तेंदू-बांबूची मजुरी, रोजगार हमीचे पैसे, शिष्यवृत्ती, मुख्यमंत्री लाडकी बहीण योजनेसारखे अनुदान हे सारे बँक खात्यात जमा होते आणि मोबाइलवर आलेला संदेश वाचणारे घरात एकच असते : आठवीतली मुलगी किंवा नववीतला मुलगा. आईचा आधार क्रमांक, वडिलांचा पिन, बँकेचा ओटीपी हे सर्व त्याच्याच हाती. मूल हेच घराचे कारकून झाले आहे आणि भामट्याचा फोनही तेच घेते.

अशा मुलाला केवळ ‘ओटीपी कोणाला सांगू नये’ असे बजावणे पुरेसे नाही. कारण समजल्याखेरीज नियम टिकत नाही. ओटीपी म्हणजे आजचा अंगठा, ही तुलना येथे उपयोगी पडते. कोऱ्या कागदावर अंगठा उमटवून सावकाराकडे जमीन गमावल्याच्या आठवणी ग्रामीण घरांत आजही आहेत. फोनवर सांगितलेले सहा आकडे म्हणजे तोच कोऱ्या कागदावरचा अंगठा, हे आजोबांना आणि नातवाला एकाच वेळी कळते. दुसरी बाब यूपीआयची. पैसे पाठविताना पिन लागतो, स्वीकारताना कधीही लागत नाही. ‘शिष्यवृत्ती जमा करावयाची आहे, पिन टाका’ असे कोणी सांगितल्यास तो पैसे काढून घेत आहे, हे एवढ्याच ज्ञानावरून ओळखता येते.

भाषा आणि आश्रमशाळा

सुरक्षिततेच्या सूचना बहुधा इंग्रजीत किंवा कार्यालयीन मराठीत असतात. भामरागड-एटापल्लीतील माडिया मुलाला, सिरोंच्यातील तेलुगू भाषकाला, मुलचेरा-चामोर्शीकडील बंगाली वसाहतींतील विद्यार्थ्याला त्या कितपत उमगतात हा प्रश्नच आहे. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, त्यामागे मातृभाषेचाच आग्रह होता. ‘गोपनीयता’ हा शब्द फळ्यावर लिहिण्याऐवजी तोच आशय माडियातून गोष्टीरूपाने सांगणारा स्थानिक शिक्षक अधिक प्रभावी ठरेल.

आश्रमशाळेतील मुले वर्षाचा मोठा काळ पालकांपासून दूर असतात. तेथे पालकाची जागा अधीक्षक व शिक्षक यांनी घेतलेली असते. अनोळखी व्यक्तीशी मैत्री, तिने मागितलेले छायाचित्र आणि मग ते पसरविण्याची धमकी, या प्रकारात मूल गप्प बसते, कारण आपलाच फोन काढून घेतला जाईल व आपल्यालाच बोल लागेल याची त्याला खात्री असते. येथे प्रौढांनी कायदा जाणून घेणे अगत्याचे आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७-ब बालकांच्या अश्लील चित्रणास गुन्हा ठरविते. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. ‘शाळेची बदनामी नको’ म्हणून प्रकरण मिटविणारा प्रौढ स्वतःच शिक्षेस पात्र ठरतो.

बंदी की शिस्त?

यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात बान्सी येथील ग्रामसभेने २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदी केली. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगावने वेगळा मार्ग धरला : सायंकाळी सात वाजता भोंगा वाजताच दीड तास गावातील दूरचित्रवाणी संच व मोबाइल बंद. दुसरा मार्ग अधिक सुज्ञपणाचा वाटतो. घराचे व्यवहार ज्या मुलाच्या हातून चालतात त्याला बंदी घालणे चंद्रपूर-गडचिरोलीत अशक्यप्रायच आहे. शिवाय भोंग्याचा नियम मोठ्यांनाही लागू आहे. लेखा-मेंढ्यासारख्या गावांत सर्वसहमतीने निर्णय घेण्याची परंपरा असल्याने असा नियम ग्रामसभेतून येणे येथे अस्वाभाविक नाही.

त्या सभेत मुलांनाही बसवावे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार केले. ती अफवा पुढे पाठविणारे हात प्रौढांचेच होते. हे दृश्य कोठले, केव्हाचे, ते प्रथम कोणी पाठविले, वनरक्षकाने वा पोलीस पाटलाने दुजोरा दिला काय, एवढे विचारण्याची सवय आठवीतल्या मुलाला लागली तर घरातील वडीलधाऱ्यांनाही ती लागण्याचा संभव असतो.

तक्रारीचे मार्ग

आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. रक्कम पुढे वळती होण्यापूर्वी ती रोखली जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. बालकावरील अन्यायासाठी १०९८ हा क्रमांक आहे. धमकीचे संदेश लाजेपोटी पुसून टाकू नयेत, कारण तोच पुरावा असतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क वारंवार तुटतो. अशा ठिकाणी हे दोन्ही क्रमांक फोनमध्ये साठविण्यापेक्षा शाळेच्या भिंतीवर रंगविलेले बरे, आणि संपर्क नसताना जवळच्या पोलीस मदत केंद्रात तोंडी तक्रारही नोंदविता येते हे त्याखाली लिहावे.